घोड्याचा पाय सुजला, तर…

नवी दिल्ली : कस्तुरबा गांधी मार्गावरील महाराष्ट्र सदनापासून टिळक मार्गावरील सर्वोच्च न्यायालय फार दूर नाही. गेल्या काही वर्षांत माथेरानचे घोडेवाले आपले गाऱ्हाणे घेऊन या न्यायालयापर्यंत पोहोचले. ई-रिक्षांना परवानगी, हातरिक्षांचे भवितव्य आणि डोंगरावरील मातीच्या रस्त्यांवर बसवायचे पेव्हर ब्लॉक असे अनेक प्रश्न त्या प्रकरणात एकमेकांत गुंतलेले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा त्याची देशभर चर्चा झाली आणि ती योग्यच होती. रस्त्यांबाबतची घोडेवाल्यांची तक्रार मात्र बातम्यांच्या तळाशी राहिली. तांबड्या मातीत खूर रुततो, ठरतो. फरसबंदीवर, विशेषतः पावसात, नाल मारलेला खूर घसरतो. आणि घसरलेला खूर सावरताना पाय मुरगळतो, अशी ती तक्रार आहे.

मुरगळलेला तो पाय दुसऱ्या दिवशी सकाळी सुजलेला दिसतो. माथेरानमध्ये मोटारवाहनांना बंदी आहे आणि पर्यटकांची ने-आण करणारे चारशेहून अधिक परवानाधारक घोडे आहेत. ज्या कुटुंबाचा एकच घोडा आहे, त्याच्या दृष्टीने घोड्याचा सुजलेला पाय म्हणजे थांबलेली मिळकत. अशा वेळी दोन मोह होतात. वेदनाशामक देऊन घोडा कामाला लावावा, हा पहिला. ‘उद्यापर्यंत उतरेल’ म्हणून वाट पाहावी, हा दुसरा. यांपैकी पहिला मोह जवळजवळ नेहमीच घातक ठरतो. दुसरा कधी निर्धोक असतो, तर कधी जीवघेणा. कारण सूज हा आजार नसून आजाराची खूण आहे, आणि ही एकच खूण अगदी क्षुल्लक कारणापासून ते कायद्याने तत्काळ कळवणे बंधनकारक असलेल्या रोगापर्यंत अनेक गोष्टींची असू शकते. काही सुजा चालवल्याने उतरतात, काहींना महिनोन्महिने विश्रांती लागते, तर काहींबाबत संध्याकाळपर्यंतही थांबता येत नाही. कोणती सूज कोणती, हे ओळखणे हाच उपचाराचा पहिला आणि मोठा भाग होय.

बोटावर उभा असलेला प्राणी

घोड्याच्या पायाची रचना समजून घेतल्याखेरीज त्याची सूज समजत नाही. पुढच्या पायात लोक ज्याला गुडघा म्हणतात, तो शरीररचनेच्या हिशेबाने माणसाच्या मनगटाचा सांधा आहे. मागच्या पायातील मागे वळलेला टोकदार सांधा म्हणजे टाच. त्याखालची लांब नळी आपल्या तळहाताच्या किंवा तळपायाच्या एकाच हाडापासून बनलेली आहे, आणि खूर म्हणजे एका बोटाचे नख. चारशे किलो वजनाचा प्राणी चार बोटांच्या टोकांवर उभा असतो, आणि त्या वजनाचा सुमारे साठ टक्के भाग पुढच्या दोन पायांवर असतो.

मनगटाच्या किंवा टाचेच्या खाली घोड्याच्या पायात स्नायूंचे मांस जवळपास नसते. तेथे हाड, त्यामागून दोरखंडासारख्या उतरणाऱ्या कंडरा, अस्थिबंध, रक्तवाहिन्या आणि घट्ट कातडी एवढेच असते. या रचनेचे दोन परिणाम होतात. मांसाची गादी नसल्याने दगडाची ठोकर, काटा किंवा तार थेट नाजूक भागापर्यंत पोहोचते. शिवाय पायात उतरलेले रक्त आणि लसिका वर ढकलायला तेथे स्नायू नसल्याने ते काम मुख्यतः चालण्यातून होते. प्रत्येक पावलाला खूर दाबला जातो, सांधे हलतात आणि द्रव वर सरकतो. घोडा चालायचा थांबला की द्रव पायात साचू लागतो.

म्हणून रात्रभर किंवा दिवसभर आखूड दाव्याने बांधून ठेवलेल्या घोड्याचे मागचे दोन्ही पाय, कधी चारही, टाचेखाली भरून आलेले दिसतात. ही सूज थंड असते. बोटाने दाबल्यास खळगा पडतो आणि काही क्षण तसाच राहतो. घोडा लंगडत नाही, चंदी नेहमीसारखी खातो आणि अर्धा तास चालवल्यावर पाय पुन्हा बारीक होतात. हंगाम संपल्यावर अचानक काम थांबलेल्या पण चंदी पूर्वीइतकीच मिळणाऱ्या घोड्यांत, तसेच म्हाताऱ्या घोड्यांत ती अधिक आढळते. अशा सुजेला औषध लागत नाही. दावे लांब करावे किंवा घोडा मोकळा सोडावा, दिवसातून दोनदा चालवावा आणि कामाच्या प्रमाणात चंदी कमी करावी, एवढे पुरते.

हात लावून पाहणे

अनुभवी मोतद्दार रोज सकाळी खरारा करताना चारही पायांवरून वरपासून खालपर्यंत हात फिरवतो. ही सवय कोणत्याही औषधापेक्षा मोलाची आहे, कारण निरोगी पाय हाताला कसा लागतो हे ठाऊक असेल तरच बदल कळतो. सूज दिसताच काही गोष्टी क्रमाने पाहायच्या असतात. सूज एका पायाला आहे की दोन्हींना? तळव्यापेक्षा हाताच्या पाठीला उष्णता लवकर जाणवते. हाताची पाठ लावून दोन्ही पायांची तुलना केल्यास सुजलेला पाय गरम आहे का? दाबल्यावर घोडा पाय ओढून घेतो का? खळगा पडतो का? जखम, काट्याचे भोक किंवा पू दिसतो का? पुष्कळदा जखम इतकी लहान असते की केस बाजूला सारून, पाय धुऊन पाहिल्याशिवाय सापडत नाही.

त्यानंतर खूर. तो उचलून साफ करावा आणि तळव्यात खिळा, खडा किंवा भोक आहे का ते पाहावे. खुराच्या वरच्या सांध्यामागे, दोन्ही बाजूंना, बोट हलके टेकवल्यास धमनीचा ठोका लागतो. निरोगी घोड्यात तो इतका मंद असतो की शोधावा लागतो. तो जोराने उडत असेल तर बिघाड बहुधा खुरातच आहे. सूज वर दिसत असली तरी तिचे मूळ खाली असते, आणि येथे पुष्कळांची फसगत होते.

सपाट, टणक जमिनीवर घोड्याला सरळ चालवून पाहिल्यास लंगडण्याचा अंदाज येतो. पुढचा पाय दुखत असल्यास तो टेकताना घोडा मान वर उचलतो आणि निरोगी पाय टेकताना ती खाली घालतो. जो पाय जमिनीवर टेकवतच नाही, तो घोडा चालवून पाहण्याचा आग्रह धरू नये. हाड मोडलेले असू शकते.

शेवटी ताप. घोड्याचे सामान्य तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असते आणि ते गुदद्वारात तापमापक ठेवून मोजतात. विश्रांतीत असलेल्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. जबड्याच्या खालच्या कडेवरून जाणाऱ्या धमनीवर ती मोजता येते. पन्नास-साठ रुपयांत मिळणारा साधा तापमापक प्रत्येक तबेल्यात असायला हवा. सूज आणि ताप एकत्र असणे व सूज असूनही ताप नसणे यांत उपचाराची दिशाच बदलते.

कोणती सूज काय सांगते

एक पाय, बहुधा मागचा, काही तासांत टाचेपर्यंत किंवा त्याहीवर खांबासारखा सुजला, हाताला गरम लागला, स्पर्शही सहन होईना आणि घोड्याला ताप आला, तर कातडीखाली जंतुसंसर्ग पसरला आहे असे समजावे. प्रवेशद्वार एखादा ओरखडाही असू शकतो. यात प्रतिजैविक औषधे लागतात, तीही पुरेशा मात्रेत आणि पुरेसे दिवस. ती कोणती, हे पशुवैद्यकाने ठरवायचे असते. उशीर झाल्यास लसिकावाहिन्यांना कायमची इजा होते आणि तो पाय जन्मभर थोडा जाड राहतो. पुढे लहानशा कारणानेही पुन्हा सुजतो.

नळीच्या मागच्या बाजूला, जेथे कंडरा सरळ रेषेत उतरायला हवी, तेथे धनुष्यासारखा फुगवटा आला, तो गरम आणि दुखरा असला, तर कंडरेचे तंतू तुटलेले असतात. घसरणे, थकलेल्या घोड्याला पळवणे, उतारावर जड ओझे ही त्याची नेहमीची कारणे. शर्यतीच्या घोड्यांत ही इजा सर्वपरिचित आहे. मुंबई किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर अशा घोड्याची सोनोग्राफी होते आणि तंतू किती तुटले हे पडद्यावर पाहता येते. डोंगरावर किंवा धनगरांच्या वाड्यावर ते शक्य नसते, म्हणून तेथे हा फुगवटा ओळखण्याची जबाबदारी हाताच्या बोटांवर येते.

खुरात पू झाला असेल तर घोडा अचानक, कधी रात्रीतून, इतका लंगडू लागतो की हाड मोडल्याचीच शंका यावी. खूर गरम लागतो, ठोका उडतो आणि दोन-तीन दिवसांत सूज खुरावरून वर चढते. नाल ठोकताना खिळा जिवंत भागात गेला, किंवा वाटेतला खिळा तळव्यात घुसला, तर असे होते. पू बाहेर काढून देणे हाच उपाय, आणि तो झाल्यावर घोडा एका दिवसात पाय टेकू लागतो. नालबंदाला विचारून त्या पायाची नाल आधी काढावी. पशुवैद्यकाने वाट करून दिल्यावर कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट विरघळवून खूर शेकतात. तळव्यात खिळा रुतलेला दिसल्यास तो उपटून फेकण्याची घाई मात्र करू नये. तो किती खोल आणि कोणत्या दिशेने गेला आहे, हे पशुवैद्यकाला पाहता आले तर आतल्या सांध्याला इजा झाली का, ते ठरवता येते.

सांध्याजवळची जखम, मग ती कितीही छोटी असो, त्याच दिवशी दाखवायची. सांध्याच्या आतील द्रवात जंतू शिरले तर काही तासांचा उशीरही घोडा कायमचा लंगडा करतो, आणि प्रसंगी त्याला वाचवता येत नाही. जखमेतून पिवळसर, तेलकट, तार धरणारा द्रव येत असेल तर सांधा उघडा पडल्याची ती जवळजवळ खात्रीच. अशा प्रत्येक खोल जखमेसोबत धनुर्वाताच्या लसीची चौकशी व्हायला हवी. पाळीव प्राण्यांत धनुर्वाताला सर्वांत लवकर बळी पडणारा प्राणी घोडा आहे.

पावसाळ्यात सतत चिखलात राहिलेल्या पायांच्या खुरावरील मागच्या खोबणीत कातडी फुटते, खपल्या धरतात आणि तेवढाच भाग सुजतो. कोकणच्या पावसात हे टाळणे अवघड असले तरी पाय धुऊन ओलेच सोडण्यापेक्षा कोरडे पुसणे आणि उभे राहायला कोरडी जागा देणे यानेच निम्मे काम होते.

चारही पाय आणि पोटाखालचा भाग थंड सुजेने भरला असेल, ताप येऊन-जाऊन असेल आणि चांगले खाऊनही घोडा खंगत असेल, तर दोष पायात नाही, रक्तात आहे. ‘सर्रा’ हा रक्तातील परजीवीमुळे होणारा रोग भारतात घोडे आणि उंटांत जुना आहे. चावऱ्या माशा तो पसरवतात आणि पावसाळ्यात व त्यानंतर त्याचा जोर वाढतो. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्यकाने डेरा इस्माईल खान येथे घोड्यांच्या व उंटांच्या रक्तात हा परजीवी शोधला. प्राण्यांत रोग घडवणारा या गटातील तो पहिलाच ज्ञात जीव होता. रक्ततपासणीने निदान होते आणि औषध उपलब्ध आहे. पायांना लेप लावत बसल्यास घोडा हातचा जातो.

ज्या सुजेला हात लावू नये

एक सूज अशी आहे की तिच्यापासून माणसालाही धोका आहे. बहुधा मागच्या पायाच्या आतल्या बाजूने कातडीखाली दोरीसारख्या फुगलेल्या लसिकावाहिन्या दिसतात, त्यावर माळेसारख्या गाठी येतात, त्या फुटतात आणि त्यातून मधासारखा चिकट पू वाहतो. नाकातूनही कधी घट्ट स्राव येतो. ही ग्लँडर्सची लक्षणे असू शकतात. हा जिवाणूजन्य रोग घोडा, गाढव आणि खेचरांत होतो, माणसाला लागू शकतो आणि त्यावर लस नाही. २००६ मध्ये देशात त्याने पुन्हा डोके वर काढले, तेव्हा सुरुवातीचे रुग्ण-घोडे महाराष्ट्रातच आढळले होते.

ब्रिटिश राजवटीत, १८९९ मध्ये, केवळ या रोगासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला होता. आज प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांबाबतचा २००९ चा कायदा लागू आहे. त्यानुसार संशयित जनावराची माहिती देणे मालकावर बंधनकारक आहे. हिस्सार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात रक्तनमुन्याची खात्रीची तपासणी होते. रोग सिद्ध झाल्यास घोड्यावर उपचार केले जात नाहीत. त्याला दयामरण दिले जाते आणि मालकाला भरपाई देण्याची तरतूद आहे. घोडा गमावण्याच्या भीतीने गाठी लपवण्याकडे कल होतो, हे समजण्यासारखे आहे. परंतु त्याच तबेल्यात झोपणारी मुले आणि त्याच पाणवठ्यावरचे इतर घोडे त्या लपवण्याची किंमत मोजू शकतात. संशय येताच घोडा वेगळा बांधावा, त्याची बादली, खरारा आणि लगाम इतरांना वापरू नये, हातमोज्यांशिवाय गाठींना स्पर्श करू नये आणि जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे.

थंड पाणी, पट्टी आणि संयम

ठेच, मुरगळणे किंवा कंडरेची इजा यांत पहिल्या दोन-तीन दिवसांचा उपचार साधा आहे आणि तो घरी होऊ शकतो. थंड पाणी पंधरा ते वीस मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा. नळी असल्यास पायावर पाण्याची धार सोडावी. माथेरानसारख्या पाण्याची ओढ असलेल्या ठिकाणी बादलीत पाय बुडवणे किंवा गोणपाट भिजवून गुंडाळणे आणि ते कोमट होताच बदलणे चालते. बर्फ मिळाल्यास तो कपड्यात बांधून लावावा; थेट कातडीवर ठेवल्यास कातडी पोळल्यासारखी होते. या काळात शेक, गरम लेप, चोळणे हे सारे वर्ज्य. आत रक्त व द्रव पाझरत असताना उष्णतेने ते वाढतेच.

पट्टीबद्दल एक गैरसमज आहे की ती जितकी घट्ट तितकी चांगली. कापसाचा जाड, सारखा थर न देता आवळलेली पट्टी किंवा सुतळी कंडरेवर वळ उठवते आणि मूळ इजेपेक्षा मोठी इजा करते. पट्टी खुराच्या वरच्या सांध्यापासून वरपर्यंत, प्रत्येक फेरा सारख्या ताणाचा, आणि बांधल्यावर तिच्या कडेखाली एक बोट सहज जाईल इतपत असावी. ती रोज सोडून पाय पाहावा. दुखऱ्या पायाचा भार समोरच्या निरोगी पायावर पडत असल्याने त्यालाही आधाराची पट्टी बांधतात. हे विसरल्यामुळे निरोगी पाय अधू झाल्याची उदाहरणे पशुवैद्यकांना नवी नाहीत.

वेदनाशामकाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. पशुवैद्यकाने दिलेले दाहशामक औषध दाह कमी करते, घोडा खाऊ लागतो, ते आवश्यकही असते. परंतु दुखणे हा घोड्याचा स्वतःचा पहारा आहे. तो उठवून घोडा कामाला लावला की अर्धी तुटलेली कंडरा पूर्ण तुटते. ही औषधे जास्त दिवस दिल्यास घोड्याच्या जठरात व्रण होतात; पाणी कमी प्यालेल्या घोड्याच्या मूत्रपिंडालाही ती इजा करतात.

माणसांसाठीचे डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन दुकानातून आणून घोड्याला टोचण्याची पद्धत तर बेकायदाच आहे. हे औषध दिलेल्या जनावराचे कलेवर खाऊन गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मरतात, हे सिद्ध झाल्यावर २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तोवर देशातील गिधाडांच्या तीन जातींची संख्या नव्वद टक्क्यांहून अधिक घटली होती. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या जनावरांकडे वळतात म्हणून २०१५ मध्ये कुपीचा आकार तीन मिलिलिटरपर्यंत मर्यादित करण्यात आला. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक यांवरही जनावरांसाठी बंदी आली. गिधाडांना निर्धोक असा मेलॉक्झिकॅमचा पर्याय उपलब्ध आहे. त्याची मात्रा पशुवैद्यकाने ठरवावी.

राहता राहिला डाग. तापवलेल्या लोखंडाने पायावर रेघा ओढणे किंवा बिब्बा घालून कातडी फोडणे हा उपाय खेड्यापाड्यांत अजून केला जातो, आणि तो करणारे लोक क्रूर असतात असे नाही. त्यांनी त्याने बरे झालेले घोडे पाहिलेले असतात. १९८० च्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमधील ब्रिस्टल विद्यापीठात कंडरा दुखावलेल्या घोड्यांवर या पद्धतीचा तपशीलवार अभ्यास झाला. डाग दिल्याने कंडरा लवकर किंवा अधिक चांगली भरून येत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. मग घोडे बरे कसे होत? डाग दिलेला घोडा जखमा भरेपर्यंत, म्हणजे महिनोन्महिने, कामाला लावता येत नाही. गुण त्या सक्तीच्या विश्रांतीचा असतो, श्रेय लोखंडाला मिळते.

मराठीत घोड्याच्या वैद्याला ‘साळोत्री’ म्हणत. प्राचीन अश्ववैद्यकाचा कर्ता मानल्या गेलेल्या शालिहोत्राच्या नावावरून तो शब्द आला. घोड्यांच्या व्यवहारात आजही वापरले जाणारे हड्डा, मोतरा, बेरहड्डी हे शब्द पायावरच्या वेगवेगळ्या फुगवट्यांचीच नावे आहेत. हाड वाढले की सांध्यात पाणी झाले, वर झाले की खाली, असा भेद त्या पिढ्यांनी केवळ बोटांनी केला होता. दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी भरणाऱ्या सारंगखेड्याच्या बाजारात घोडा पारखणारा जाणता माणूस आधी रंग पाहत नाही. वाकून नळीवरून हात फिरवतो. त्या ज्ञानातील निदान घ्यावे आणि डाग सोडून द्यावा, असे म्हणणे परंपरेचा अवमान ठरू नये.

विश्रांतीचा हिशेब

सूज उतरली म्हणजे पाय बरा झाला, ही समजूत सर्वांत महाग पडते. कंडरेचा दाह दोन-तीन आठवड्यांत ओसरतो, घोडा लंगडायचा थांबतो आणि मालकाला तो बरा दिसतो. प्रत्यक्षात तुटलेल्या तंतूंच्या जागी त्या वेळी नुकतीच कच्ची, विस्कळीत जोडणी सुरू झालेली असते. ती ताण सोसण्याजोगी व्हायला साधारण नऊ ते बारा महिने लागतात. आरंभी पूर्ण विश्रांती, मग दोरी धरून सपाट जमिनीवर दहा-पंधरा मिनिटे चालवणे, ते दर काही आठवड्यांनी वाढवणे, खोगीर फार नंतर आणि उतारावरचे काम सर्वांत शेवटी, असा क्रम असतो. हलक्या ताणाने नवे तंतू योग्य दिशेने बसतात, म्हणून नुसते बांधून ठेवणेही योग्य नाही.

नऊ महिने एक घोडा पोसायचा आणि त्याच्याकडून एक पैसाही यायचा नाही, हे गणित पर्यटनाच्या हंगामावर जगणाऱ्या कुटुंबाला कसे जमावे? पाहुण्या पर्यटकाला घोड्याचा पाय सुजलेला दिसतो तेव्हा तो मालकाच्या निर्दयपणावर बोलतो. ते बोलणे अनेकदा खरेही असते, पण अपुरे असते. प्राण्यांशी क्रूर वागण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार आजारी, जखमी किंवा लंगड्या जनावराला कामाला लावणे गुन्हा आहे. १९६५ च्या नियमांनी तट्टाच्या पाठीवरील ओझ्याची मर्यादा ७० किलो ठरवली आहे आणि दिवसाला नऊ तासांपेक्षा अधिक काम घेण्यास मनाई केली आहे. कायद्याने घोड्याला विश्रांती दिली. त्या विश्रांतीच्या काळात घोडेवाल्याच्या चुलीचे काय, याचे उत्तर त्यात नाही. घोड्याचा विमा आणि घोडेवाल्यांनी एकत्र येऊन केलेला आजारपणाचा निधी हे त्यावरचे व्यवहार्य मार्ग दिसतात. पर्यटकाच्या हातीही काही आहे. वजन अधिक असल्यास घोड्यावर न बसणे, आणि पाऊल उचलताना मान हेलकावणाऱ्या घोड्यावर बसण्यास नकार देणे, यासाठी पैसा लागत नाही.

अडचण आणखी एक आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाख घोडे व तट्टे होती. २०१९ च्या गणनेत ती सुमारे तीन लाख चाळीस हजारांवर आली. घोडे घटले तसे घोड्यांचा सराव असलेले पशुवैद्यक आणि चांगले नालबंदही दुर्मिळ झाले. गायी-म्हशींवर उपचार करण्यात निष्णात असलेल्या डॉक्टरला वर्षातून दोनदाच घोडा पाहायला मिळत असेल, तर दोष त्याचा नाही. भीमथडी ही घोड्यांची स्वतंत्र देशी जात म्हणून अलीकडेच नोंदली गेली, तेव्हा भीमेच्या खोऱ्यातील धनगरांच्या तट्टांना कागदावर ओळख मिळाली. मेंढ्यांमागे बिऱ्हाड पाठीवर घेऊन कोकणापर्यंत जाणाऱ्या त्या तट्टांचा पाय वाटेत सुजला तर सर्वांत जवळचा दवाखाना कोणता, हे तांड्याला निघण्यापूर्वी ठाऊक असणे आवश्यक आहे. जनावरांसाठीच्या फिरत्या दवाखान्याला १९६२ या निःशुल्क क्रमांकावर बोलावता येते. दूरध्वनीवर बोलताना कोणता पाय, केव्हापासून, गरम की थंड, ताप किती आणि घोडा पाय टेकतो की नाही, एवढे सांगितले तरी डॉक्टर योग्य औषधे घेऊन निघू शकतो.

माथेरानला मात्र हे वाहन दस्तुरी नाक्यापाशीच थांबते. तेथून बाजारपेठेपर्यंतचे अडीच-तीन किलोमीटर डॉक्टरने पायी यायचे, किंवा घोड्याने त्याच सुजलेल्या पायाने खाली उतरायचे. क्ष-किरण आणि सोनोग्राफीची सोय त्याही पलीकडे, घाट उतरून गेल्यावर, मोठ्या शहरात आहे. म्हणूनच तेथे खोगीर चढवण्यापूर्वी सकाळी पायांवरून फिरणारा हात आणि तबेल्याच्या खुंटीला टांगलेला तापमापक यांवर बरेच काही अवलंबून आहे. घोडा अजून थोडासाच लंगडत असताना ते ओळखले, तर दस्तुरीपर्यंतची वाट तो चालून जाऊ शकतो.